अर्थ कुठे लावायचा? गाडीतले जादा मीटर आणि मूळ डिमर

(व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

परवा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, पत्रिकेत काहीतरी गडबड झालीय. तुमच्या नावाखाली गाडीच्या वायरिंगचा विषय छापलाय." गडबड नाही. मी आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली. म्हणजे, आपल्याला जे कळलं असं वाटतं ते खरोखर कळलंय का, हा प्रश्न दुसऱ्यांना विचारून पगार घेतला. मला स्वतःला तो नीट पडला निवृत्तीनंतर, डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडलो होतो तेव्हा. (हशा)

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे डिमर म्हटलं की पुष्कळांना हेडलाइटचा अप्पर-डिपर आठवतो. आजचा विषय तो नाही. स्पीडोमीटरच्या आसपास, बहुधा स्टिअरिंगच्या एका बाजूला, एक छोटं चाक किंवा बटण असतं. पार्किंग लाइट लावून ते फिरवलं की डॅशबोर्डवरचा उजेड कमी-जास्त होतो. पुष्कळांनी गाडी घेतल्यापासून त्याला हात लावलेला नसतो. आज घरी जाताना लावून बघा.

आणि जादा मीटर म्हणजे गाडीबरोबर न आलेले, आपण बाजारातून आणून बसवलेले. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट. हौस म्हणून बसवणारे असतात. मी भीतीपोटी बसवले. माझी गाडी जुनी, जपानी घडणीची. कंपनीने तेलासाठी एक लाल दिवा दिलेला असतो. तो लागतो कधी, तर दाब अगदी तळाला, अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली गेला की. तोवर बेअरिंगांचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून काट्याचा मीटर हवा, जो आधीपासून सांगत राहील. मी तो घेतला आणि समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावर बसवला, नजरेच्या टप्प्यात.

मीटरचं मुख्य काम, म्हणजे सेन्सर वगैरे, मेकॅनिककडून करून घेतलं. राहिला मीटरमधला छोटा दिवा. दोन वायरी. त्या मी जोडल्या. आणि माझी इच्छा साधी होती, की डॅशबोर्डचं चाक फिरवलं की हाही दिवा सगळ्यांबरोबर मंद व्हावा.

डॅशबोर्डच्या मागे हात घालून, मल्टिमीटरची काळी पिन गाडीच्या बॉडीला लावून, मी एकेक वायर तपासत गेलो. एका वायरवर वाचन चाक फिरवल्यावर बदलत होतं. चार व्होल्ट, सहा, आठ. मला कोण आनंद झाला! डिमरची वायर सापडली. मीटरच्या दिव्याचं एक टोक तिला जोडलं, दुसरं बॉडीला. दिवा लागला. चाक मध्यावर होतं. मी टेप गुंडाळली, पॅनल बसवलं, हात धुतले.

त्यानंतर आठवड्याभराने आम्ही दोघं कऱ्हाडच्या बाजूहून रात्री परत येत होतो. उसाचा हंगाम. आडरस्ता, चंद्र नाही. सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि समोर एखादा उजेड चमकला की त्यातून सावरायला तरुणपणी लागायचा त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. म्हणून डॅशबोर्ड मंद करावा म्हणून मी चाक खाली फिरवलं. डॅशबोर्ड मंद झाला. पण खांबावरचा मीटर जास्त उजळला. अजून फिरवलं. डॅशबोर्ड जवळजवळ विझला आणि मीटर असा पेटला की त्याचं पांढरं प्रतिबिंब समोरच्या काचेत, नेमकं रस्त्याच्या डाव्या कडेवर. मी त्याच्याकडे बघत राहिलो. हे असं का होतंय, याचा विचार करत राहिलो. विचार करण्याची सवय वाईट. तेवढ्यात सौ. ओरडल्या, "अहो, ट्रॉली!"

उसाची ट्रॉली होती, ट्रॅक्टरच्या मागे दोन जोडलेल्या. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक लागला. मधे किती अंतर उरलं ते मी सांगत नाही, कारण मी सांगतो ते आणि सौ. सांगतात ते जुळत नाही. पुढचे तीस किलोमीटर मीटरवर रुमाल टाकून आलो.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यानं दोन मिनिटं वायरी चाचपल्या आणि म्हणाला, "सर, तुमचा अर्थ चुकलाय." (हशा) मी म्हटलं, चाळीस वर्षं हे वाक्य मी उत्तरपत्रिकांवर लिहिलं, आज माझ्यावर कुणीतरी लिहिलं.

त्याचा 'अर्थ' म्हणजे अर्थिंग, निगेटिव्ह. त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. ते का, हे समजायला आपण थोडं मागे जाऊ.

डिमर मुळात काय करतो? जुन्या गाड्यांत त्याचं काम अगदी उघड होतं. बॅटरीकडून दिव्याकडे जाणाऱ्या वाटेत नाइक्रोमसारख्या तारेचं वेटोळं ठेवायचं. चाक फिरवलं की वाटेत जास्त तार येते, अडथळा वाढतो, दिवा मंद होतो. जुन्या अमेरिकन गाड्यांत हेडलाइटचं जे ओढायचं बटण असे, तेच गोल फिरवलं की डॅशबोर्ड मंद होई. ते वेटोळं त्या बटणाच्या बुडाशीच बसवलेलं असे. अडवलेली ऊर्जा कुठे जाते? उष्णतेत. म्हणून ते बटण हाताला कोमट लागायचं.

इथे एक हिशोब करून ठेवू, पुढे उपयोगी पडेल. समजा डॅशबोर्डमागे १.२ वॅटचे १० बल्ब आहेत. एकूण १२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १ अँपिअर. तुम्ही ३ वॅटच्या दिव्याचे तीन मीटर वाढवले, की ९ वॅट वाढले. जवळजवळ पाऊणपट बोजा. डिमरचं वेटोळं १० ओहमवर असेल तर आधी त्यात सुमारे ३ वॅट उष्णता होत होती, आता ५ वॅट होईल. ढोबळ आकडे आहेत, कारण बल्बची तार थंड असताना तिचा रोध कमी असतो. पण दिशा बरोबर आहे. डिमर मुळात जेवढ्या बल्बसाठी बनवला, त्याच्या दीडपटीहून जास्त तापतो. एक मीटर चालतो. तीन-चार लावणाऱ्याने आधी विचार करावा, किंवा मीटरमध्ये साध्या बल्बऐवजी एलईडी घालावा.

आता मुख्य मुद्दा. अडथळा कुठे ठेवायचा? दिवा मधे आहे. एका बाजूला पॉझिटिव्ह, दुसऱ्या बाजूला निगेटिव्ह. नळाच्या पाइपवर तोटी कुठेही बसवली तरी धार कमीच होणार. तसंच विजेच्या वाटेत अडथळा दिव्याच्या आधी ठेवा की नंतर, दिव्याला फरक पडत नाही. घरात आपण बटण फेजवरच बसवतो, न्यूट्रलवर नाही. कारण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहिली तर बल्ब बदलणारा माणूस जाईल. गाडीत १२ व्होल्ट. शॉक लागत नाही. त्यामुळे गाडी आखणाऱ्याला मोकळीक असते, आणि पुष्कळ जपानी कंपन्यांनी ती घेतली. पॉझिटिव्ह सगळ्या दिव्यांना थेट द्यायचा, आणि सगळ्यांची दुसरी टोकं एकत्र करून डिमरमधून बॉडीला न्यायची. इलेक्ट्रॉनिक डिमरमध्ये ट्रान्झिस्टर निगेटिव्हच्या बाजूला बसवणं सोयीचंही पडतं.

माझी गाडी या दुसऱ्या जातीची होती. आता बघा काय झालं. मला सापडलेली बदलत्या व्होल्टची वायर ही दिव्यांच्या नंतरची, डिमरच्या आधीची. मी तिला माझ्या मीटरचा पॉझिटिव्ह समजलो आणि दुसरं टोक बॉडीला दिलं. म्हणजे माझा दिवा डिमरला समांतर जाऊन बसला, डिमरला वळसा घालणारी वाट झाला. डिमर पूर्ण उघडा असला की वीज सरळ त्याच्यातून जाते. माझ्या दिव्याच्या दोन टोकांत फरकच उरत नाही, तो विझलेला. डिमर आवळला की विजेला तिकडून जायला जागा नाही. ती डॅशबोर्डच्या दहा बल्बांतून येते आणि माझ्या एका दिव्यातून बॉडीला जाते. दहा बल्ब मिळून रोध १२ ओहम, माझा एकटा दिवा ४८ ओहम. १२ व्होल्टची वाटणी त्याच प्रमाणात होते, तेव्हा साडेनऊच्या वर व्होल्ट माझ्या दिव्याला. उरलेले अडीचही नाहीत, ते दहा जणांना. डॅशबोर्ड अंधारात, आणि हा एकटा झगझगीत. गाडी अगदी नियमाने वागत होती.

मग माझी चूक नेमकी कुठली? मी बघितलं की वाचन बदलतंय. कुठल्या दिशेने बदलतंय ते बघितलं नाही. चाक तेजाच्या टोकाला असताना वाचन शून्याजवळ होतं, आणि मंद टोकाला बारा. ते उलटं आहे हे डोळ्यांसमोर होतं. पण मी डॅशबोर्डखाली उताणा. दिवे दिसत नव्हते, आकडा तेवढा दिसत होता. आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगितलीय: अमुक असताना तमुक असतं, आणि अमुक नसताना तमुक नसतं. दोन्ही बघा, मग बोला. मी वर्गात फळ्यावर हे शेकडो वेळा लिहिलं. आणि चाक मध्यावर ठेवून, दिवा लागला एवढं बघून, टेप गुंडाळली.

दुसरी चूक जरा खोलवरची. 'या वायरवर आठ व्होल्ट आहेत' असं मी म्हणत होतो. आपण सगळेच म्हणतो. पण व्होल्ट वायरवर नसतात. दोन ठिकाणांमध्ये असतात. मी काळी पिन बॉडीला लावली होती म्हणून बॉडीपासून आठ. तीच पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावली असती तर चार आले असते, उणे चिन्ह लावून. नव्यन्यायात अभावाबद्दल बोलताना दोन गोष्टी विचारतात: कशाचा अभाव, आणि कुठे? पहिल्याला प्रतियोगी म्हणतात, दुसऱ्याला अनुयोगी. 'नाही' एवढंच म्हणणाऱ्याला नैयायिक विचारणार, अरे काय नाही, कुठे नाही? व्होल्टबद्दल हाच प्रश्न विचारायची सवय लावा. किती, हे नंतर. कुठून कुठे, हे आधी.

बॉडी म्हणजे शून्य, हाही नुसता ठराव. गाडी रबरी टायरांवर उभी असते, तिचा जमिनीशी काही संबंध नाही. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर कित्येक वर्षं बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. तिथे बॉडीपासून मोजलं तर सगळी गाडी उण्यात चालायची, आणि छान चालायची.

तिसरी गोष्ट रंगांची. लाल म्हणजे पॉझिटिव्ह, काळी म्हणजे निगेटिव्ह, असं आपण गृहीत धरतो. नव्वदच्या दशकातली होंडा सिव्हिक घ्या. तिच्यात लालवर काळी पट्टी असलेली वायर दिव्यांचा पॉझिटिव्ह, आणि नुसती लाल वायर डिमरची, म्हणजे निगेटिव्ह बाजूची! धूर तिथे अग्नी, हे चालतं. अग्नी तिथे धूर, हे चालत नाही. कारण धुराला ओलं सरपण लागतं, आणि तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. ओल्या सरपणाची ती अट, म्हणजे उपाधी, लपलेली असते. 'लाल म्हणजे पॉझिटिव्ह' यातही 'अमुक कंपनीच्या अमुक वर्षाच्या गाडीत' ही उपाधी लपलेली आहे. जर्मन पद्धतीच्या गाड्यांत रंगापेक्षा क्रमांक विश्वासाचे. त्यांच्या आकृत्यांत ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर, ३१ म्हणजे बॉडी, ५८ म्हणजे पार्किंग लाइट आणि ५८-डी म्हणजे डिमरमधून आलेली डॅशबोर्डची वायर. स्कोडा किंवा फोक्सवॅगन असेल तर आकृतीत ५८-डी शोधा.

आकृती नसेल तर कसं शोधायचं, ते सांगतो. डॅशबोर्ड उचकटायची गरज नाही. एसीच्या बटणांमागे किंवा लायटरच्या भोवतीच्या कड्यात एखादा बल्ब असतो, जो चाकाबरोबर मंद होतो. त्याच्यापर्यंत हात पोचवा. त्याला दोन वायरी. पार्किंग लाइट लावा. मल्टिमीटरची काळी पिन बॉडीच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला. लाल पिन आधी एका वायरीला, मग दुसऱ्या. प्रत्येक वेळी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आणि बल्बकडे बघत फिरवा. आकडा दुसऱ्याला वाचायला सांगा. आमच्याकडे आकडा सौ. वाचतात.

एक वायर कायम शून्य आणि दुसरी तेजाबरोबर चढते-उतरते, म्हणजे डिमर पॉझिटिव्हच्या बाजूला. सोपं काम. मीटरच्या दिव्याचं एक टोक त्या चढत्या-उतरत्या वायरीला, दुसरं बॉडीला.

एक वायर कायम बारा आणि दुसरी उलटी, म्हणजे तेज पूर्ण असताना शून्याजवळ आणि मंद असताना वर चढणारी. म्हणजे डिमर निगेटिव्हच्या बाजूला. मग मीटरच्या दिव्याचा पॉझिटिव्ह कायम बाराच्या वायरीला, आणि निगेटिव्ह त्या उलट्या वायरीला. बॉडीला काहीच नाही. मीटरबरोबर आलेल्या कागदावर काळी वायर बॉडीला लावा असं छापलेलं असलं तरीही नाही. तिथे लावली तर दिवा लागेल, पण कायम पूर्ण तेजाने. चाकाचं तो ऐकणारच नाही. बहुतेक जादा मीटर गाड्यांतून असेच जळताना दिसतात, आणि मालकाला वाटतं, हा मीटर मंद होतच नसेल.

हे सगळं साध्या मीटरचं, ज्यात दिव्याच्या दोन वायरी वेगळ्या असतात. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरांत निगेटिव्ह एकच असतो, दिव्याचा आणि मोजणीचा मिळून. आणि इथे कृपा करून थांबा. तो एकच निगेटिव्ह निगेटिव्ह-बाजूच्या डिमरला जोडलात तर तुम्ही उजेड मंद कराल तसं मीटरचं शून्यच हलेल आणि काटा तेलाचा खोटा दाब दाखवू लागेल. डोळे दिपवणाऱ्या मीटरवर रुमाल टाकता येतो. खोटं बोलणाऱ्या मीटरवर आपण विश्वास ठेवून इंजिन घालवतो. अशा मीटरचा निगेटिव्ह बॉडीलाच, घट्ट. बहुतेक अशा मीटरांना दिव्याची म्हणून एक वेगळी वायर असते. तिला पार्किंग लाइटचे बारा मिळाले की मीटर रात्रीच्या तेजावर जातो, आणि ते तेज मीटरच्याच बटणावर ठरवता येतं. डिमरचं चाक विसरा, एकदाच ठरवा. चाकाबरोबरच हवं असेल आणि डिमर स्पंदनांचा असेल, तर एक पी-चॅनल मॉसफेट मधे घालून निगेटिव्हची स्पंदनं पॉझिटिव्हवर उतरवता येतात. ते काम इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्याकडून करून घ्या. मी माझ्या भाच्याकडून समजून घेतलं, केलं नाही.

स्पंदनांचा म्हणजे काय? अलीकडचा डिमर वीज अडवत नाही, ती सेकंदाला शंभर-दोनशे किंवा जास्त वेळा चालू-बंद करतो. निम्मा वेळ चालू असेल तर डोळ्याला मंद दिसतो आणि मल्टिमीटर सुमारे सहा व्होल्ट दाखवतो. खरं तर सहा व्होल्ट तिथे एक क्षणही नसतात. कधी बारा, कधी शून्य. सरासरी आहे ती. आणि अशा वायरीला चुकूनही थेट बॅटरीचा पॉझिटिव्ह लावून बघू नका. निगेटिव्ह बाजूच्या डिमरचा ट्रान्झिस्टर तेवढ्यानेच जातो, आणि फ्यूज बघत राहतो.

जोडणीबद्दल थोडक्यात. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा, पॉझिटिव्ह नाही. पॉझिटिव्ह आधी काढताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर पुरे. पॉझिटिव्हला १ अँपिअरचा वेगळा फ्यूज घाला, कारण गाडीचा मूळ फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा, त्याला तुमच्या बारीक वायरीची काळजी नाही. डिमर पॉझिटिव्ह बाजूचा असेल आणि त्याच्या पुढे कुठे शॉर्ट झालं, तर १० ओहमच्या वेटोळ्यातून १.२ अँपिअरच जातात. फ्यूज ढिम्म, आणि वेटोळ्यात १४ वॅट. बटण जळाल्याचा वास आल्यावर कळतं. सांधा सोल्डर करून वर आकसणारी स्लीव्ह चढवा. काळी टेप मेच्या उन्हात सुटते, तिचा चिकटा उरतो आणि उघडी वायर उरते. मी टेपच गुंडाळली होती, हे मघाशी ऐकलंत.

आता प्रश्न घेऊ.

मीटरमध्ये एलईडी घातले, तर ते मंदच होत नाहीत, मग एकदम विझतात. असं का?

बरोबर निरीक्षण आहे तुमचं. वेटोळ्याच्या डिमरवर पडणारा व्होल्टचा तोटा हा त्यातून जाणाऱ्या विजेवर अवलंबून असतो. एलईडीला लागतात २० मिलिअँपिअर. १० ओहमवर तोटा पाव व्होल्टसुद्धा नाही. डॅशबोर्डचे सगळेच बल्ब बदललेत ना? तरीच. दोन-चार साधे बल्ब त्याच वायरीवर ठेवलेत तर ते व्होल्ट खाली ओढतील आणि एलईडीही मंद होतील. आणि विझण्याचं कारण असं, की पांढऱ्या एलईडीच्या दिव्यात पुष्कळदा तीन चिप ओळीने असतात. त्यांना मिळून नऊच्या आसपास व्होल्ट लागतात, त्याखाली काहीच नाही. स्पंदनांच्या डिमरवर मात्र एलईडी उत्तम वागतात. लावताना उलट-सुलट बघा. साध्या बल्बला दिशा नसते, एलईडीला असते.

म्युझिक सिस्टिमच्या मागून दिव्याची वायर घेतली तर चालेल का?

बघून घ्या. काळ्या आठ पिनांच्या आयएसओ कनेक्टरमध्ये सहाव्या पिनेवर दिव्याची वायर असते. पण काही गाड्यांत ती नुसती पार्किंग लाइटबरोबर चालू-बंद होते, चाकाबरोबर मंद होत नाही. चाक फिरवून बघितल्याशिवाय जोडू नका.

एवढं करण्यापेक्षा वेगळं चाक का बसवू नये?

बसवा की. काही गैर नाही. फक्त रेडिओच्या आवाजाचं छोटं चाक लावू नका. ते पाव वॅटच्या कामाचं असतं, तीन वॅटच्या बल्बला लावलं तर धूर. या ठिकाणी धूर तिथे अग्नी. (हशा) स्पंदनांचे तयार डिमर मिळतात, ते बल्ब आणि एलईडी दोन्हींना चालतात. माझा हट्ट एवढ्यासाठी, की रात्री एका हाताने एकच चाक शोधायचं असतं. दोन चाकं झाली की नजर खाली जाते.

सर, तुमच्या गाडीत आता काय स्थिती आहे?

तीन मीटर आहेत. तिन्हींचे पॉझिटिव्ह कायम बाराच्या वायरीवर, फ्यूजमधून. तिन्हींचे निगेटिव्ह डिमरच्या वायरीवर. काचेत प्रतिबिंब पडायचं तो मीटर खांबावरून काढून खाली, गिअरच्या पुढे आणला. सौ. म्हणतात अजून उजळ आहे. असेल.

गाडी खाली उभी आहे. चहानंतर ज्यांना स्वतः पिन लावून बघायचं आहे त्यांनी या. एसीचं पॅनल मी सैल करून ठेवलंय आणि मल्टिमीटर पुढच्या सीटवर आहे. चाक एकाने फिरवा, आकडा दुसऱ्याने वाचा. पार्किंग लाइट मात्र फार वेळ लावून ठेवू नका, बॅटरी जुनी आहे.